काचेच्या तुकड्यांचं मोझेक घरी करायचंय : तुळशीवृंदावन आणि दारावरची पाटी (बडोदा)

दांडियाबझारची
नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बझारचं जुनं घर सोडून आता गोत्रीला राहायला आलोय, गच्चीवर सिमेंटचं तुळशीवृंदावन बांधून घेतलंय, साधारण अडीच फूट उंच, चौकोनी, चारी बाजू सपाट, पुढे पणतीसाठी छोटा कोनाडा. ते नुसतं रंगवण्याऐवजी त्यावर काचेच्या तुकड्यांचं मोझेक करावं असं फार मनात आहे, स्वतःच्या हाताने, कारागीर लावून नाही. दुसरं काम म्हणजे दारावरची नावाची पाटी, तीसुद्धा काचेचीच आणि देवनागरीत. व्हिडिओ पुष्कळ बघितले पण तिकडे सगळं एमडीएफच्या बोर्डावर एकच पांढरा गोंद लावून करतात आणि खोलीत टांगतात, माझं वृंदावन तर उघड्यावर, मे महिन्यातलं ऊन आणि मग चार महिने पाऊस. कुठली काच घ्यायची, कशाने कापायची, कशाने चिकटवायची, आणि आरसे लावले तर चालतील का, सासूबाईंना आरसे हवेच आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा ना.

काचतुकडे
वा, वृंदावनाला मोझेक, फार सुंदर दिसेल. मी बरीच वर्षं हे काम करतेय, जवळच्या बायकांना शिकवतेही, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट. डिझाइन काय, काच कुठली, हे प्रश्न नंतरचे. ती वस्तू कुठे राहणार आहे ते आधी ठरवायचं, कारण पाया, गोंद, काच आणि ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरायचा मसाला, या चारही गोष्टी त्यावरून ठरतात. तुमच्या वृंदावनाला बाहेरून पाऊस आहे आणि आतून तुळशीला घातलेलं पाणी आहे, दोन्हीकडून ओल. पाटी दाराजवळ म्हणजे बहुतेक छपराखाली, पण भिंतीला टांगलेली, तिथे वजनाचा प्रश्न. दोन्ही कामं एकाच सामानात होणार नाहीत हे पहिल्यापासून धरून चाला म्हणजे खरेदी बरोबर होते.

आता काच. सर्वात सोपी म्हणजे स्विमिंग पूलला लावतात त्या छोट्या काचेच्या टाइल, 20 बाय 20 मिलिमीटर, जाडी साधारण 4 मिलिमीटर. एका शीटवर 15 गुणिले 15 अशा 225 येतात, पुढून कागद चिकटवलेला असतो किंवा मागून जाळी. कागदवाली घेतलीत तर कोमट पाण्यात भिजत टाका, टाइल आपोआप सुटतात. त्यांची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीला खाचा असतात, खाचांची बाजू खाली, गोंदाकडे, कारण खाचा पकड घेण्यासाठीच आहेत. कडाही मागच्या बाजूला किंचित निमुळत्या असतात. ही काच अपारदर्शक असते, रंग काचेच्या आतच मुरलेला, त्यामुळे उन्हाने उडत नाही. तुमच्या वृंदावनासाठी मी हीच सांगेन.

दुसरी रंगीत शीटची काच, स्टेन्ड ग्लासवाले वापरतात ती, साधारण 3 मिलिमीटरची. हिच्यात लाटा, ढग, दुधी रंग असे प्रकार फार देखणे मिळतात, पण ही हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या हत्याराने, कापावी लागते आणि त्यातली जी पारदर्शक असते तिच्या आरपार मागचा गोंद दिसतो. म्हणून गोंद पांढराच घ्यायचा आणि पूर्ण पसरून लावायचा, मध्ये ठिपके ठेवायचे नाहीत, नाहीतर समोरून तसेच्या तसे ठिपके दिसतात. राखाडी अॅडहेसिव्हवर पारदर्शक निळी लावली की ती मळकी दिसते, कितीही महाग असू दे.

आणि खिडकीच्या काचेचे तुकडे, काचेच्या दुकानात कोपऱ्यात पडलेले असतात, मागितले तर बहुतेक जण देतात. त्यांना मागून रंग देऊन वापरतात लोक. घरात ठीक आहे, उघड्यावर नको, रंगाचा थर आणि काच यांच्यामध्ये ओल शिरली की पापुद्रा सुटतो आणि तुकडाही सुटतो.

इटलीची स्मालती म्हणून एक काच असते, जाड, हाताने फोडलेली, व्हेनिसमध्ये ओर्सोनीची भट्टी 1888 पासून ती करतेय. बघायला मिळाली तर जरूर बघा, रंग असे खोल की हात लावावासा वाटतो, पण पहिल्या कामाला तिची गरज नाही.

कापायचं कसं ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, पोळ्या करायच्यात.

सिव्हिलकाका
काचतुकडे ताईंनी पाया म्हटलं म्हणून मध्येच लिहितो, माझी सगळी नोकरी साइटवर गेली.

वृंदावनाचं प्लास्टर नवं आहे का? नवं असेल तर 28 दिवस तरी पाणी मारून आणि मग वाळवून होऊ द्या. रंग दिला असेल, ऑइलपेंट असो की डिस्टेंपर, तो खरवडून सिमेंट उघडं करा, टाइल रंगाला चिकटते आणि रंग भिंतीला सोडतो, मग दोष गोंदाला देतात लोक.

आतली बाजू जास्त महत्त्वाची. वृंदावनात माती सरळ भरलीत तर रोजचं पाणी भिंतीत मुरणार आणि बाहेर पडायला वाट शोधणार, ती वाट म्हणजे तुमच्या काचांमधल्या फटी. पाण्याबरोबर सिमेंटमधले आणि मातीतले क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार पांढरे होऊन वर राहतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. काचेतून पाणी जात नाही त्यामुळे सगळा जोर फटींवर येतो. उपाय सोपा आहे, आतून सिमेंटबेस वॉटरप्रूफिंगचे दोन हात, तळाला पाणी जायला पाइपचा तुकडा जो बाहेर थोडा पुढे आलेला असेल, आणि शक्य असेल तर तुळस वेगळ्या कुंडीत लावून ती कुंडी आत ठेवा. कुंडी बदलायलाही सोपं.

चिकटवायला पॉलिमर घातलेलं पांढरं टाइल अॅडहेसिव्ह घ्या, पोत्यावर काचेच्या टाइलसाठी चालतं असं लिहिलेलं असतं ते वाचून. नुसतं पांढरं सिमेंट पाण्यात कालवून लावू नका. काच पाणी शोषत नाही, साधं सिमेंट तिला नीट धरत नाही.

दांडियाबझारची
बापरे, आतून वॉटरप्रूफिंगचं कोणीच सांगितलं नव्हतं. प्लास्टर होऊन तीन महिने झालेत, रंग नाही दिलेला. तुळस अजून लावायची आहे, म्हणजे वेळेत कळलं. काका, फेव्हिकॉल मरीन वॉटरप्रूफ असतो ना, तो सिमेंटवर नाही चालणार का?

सिव्हिलकाका
तो लाकडाचा गोंद आहे. तो वाळतो तो त्यातलं पाणी लाकडात शिरून आणि हवेत जाऊन. वरून काच झाकली की पाण्याला जायला एकच दिशा उरते. छपराखालच्या प्लायच्या पाटीला मरीन वापरा, हरकत नाही, पण आठवडाभर वाळू द्या मगच ग्राउट भरा. उन्हापावसात उभ्या असलेल्या सिमेंटला सिमेंटच्या जातीचाच गोंद.

आणि पाटीला एमडीएफ नको म्हणजे नको. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या सोसायटीत तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा एमडीएफवरची एक सुंदर फ्रेम फुगून तिच्या काचा पॉपकॉर्नसारख्या सुटलेल्या मी बघितल्या आहेत, शेजारच्याच घरातली. पाण्यात बुडालीच पाहिजे असंही नाही, जुलैची दमट हवा पुरते. प्लाय घ्या, मरीन, त्यावर आयएस 710 असा शिक्का असतो, 12 मिलिमीटर, आणि कापलेल्या कडांना प्रायमर मारा, पाणी कडेतूनच शिरतं.

इंदूरची_मावशी
आरशांबद्दल मी लिहिते. आमच्या इंदूरला इतवारिया बाजारात काच मंदिर आहे, सर सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं जैन मंदिर. भिंती, खांब, छत, जमीन, दारं, सगळं काचेने आणि आरशांनी मढवलेलं, एक मूर्ती किती ठिकाणी दिसते ते मोजता येत नाही. लहानपणापासून बघतेय आणि अजूनही आत गेलं की मान वर जाते ती खाली येत नाही. दांडियाबझारची, तुमच्या सासूबाईंचं मन मला कळतं, आरशाशिवाय देवाचं काम पुरं वाटत नाही. पण ते सगळं काम आत आहे हो, पावसाचा थेंब लागत नाही त्याला.

काचतुकडे
इंदूरच्या मावशी, बरोब्बर. आरसा म्हणजे काचेच्या मागे चांदीचा अगदी पातळ थर आणि त्याच्या मागे रक्षण करणारा रंग. आपण आरसा कापला की प्रत्येक तुकड्याच्या चारही कडांना तो चांदीचा थर उघडा पडतो. ओल तिथून आत शिरते आणि कडेपासून काळं पडायला लागतं, बाथरूमच्या जुन्या आरशाला पडतं तसंच. तुकडा जितका लहान तितकी कड जास्त, म्हणून छोटे आरसे लवकर जातात.

तरी लावायचेच असतील, आणि सासूबाईंसाठी लावाच, तर कोनाड्याच्या आतल्या छताला लावा, तिथे पाऊस थेट पोचत नाही. मागून आणि कडांना पारदर्शक वार्निशचा किंवा आरशाच्या कडांसाठी मिळतो त्या सीलरचा हात द्या, आणि चिकटवायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाला लावायचं नाही, त्यातलं आम्ल मागचा थर खातं, सहा महिन्यांनी समोरून डाग दिसतात.

आणखी एक, आपल्या गुजरातमध्येच कपडवंजला आभले करतात. काचेचा मोठा गोळा फुंकून त्याला आतून चंदेरी मुलामा देतात आणि मग तो फोडून त्याचे तुकडे करतात, म्हणून ते आभले पातळ असतात आणि किंचित फुगीर. कच्छच्या लिंपणकामात, म्हणजे भिंतीवरच्या मातीच्या नक्षीत, आणि भरतकामात तेच असायचे. सपाट कापलेल्या आरशात एकदाच चमक दिसते, फुगीर आभल्यात कुठूनही बघा एक ठिपका पेटलेलाच. पणती असलेल्या कोनाड्यात ते लावून बघा.

पण पणतीची जागा मात्र काचेची नको. ज्योत जिथे पोचते तिथे काच एका जागी तापते आणि तडकते, शिवाय तेल. तळाला काळ्या दगडाचा किंवा पितळेचा तुकडा बसवा आणि आभले ज्योतीपासून वीतभर तरी लांब.

विश्वामित्रीकाठ
उदयपूरच्या सिटी पॅलेसमधले मोर चौकातले मोर बघितलेत का कोणी? महाराणा सज्जनसिंहांच्या काळातले, म्हणजे 1874 ते 1884 मधले, काचेच्या हजारो तुकड्यांचे. बडोद्याहून गाडीने एका दिवसात जाता येतं. त्यात मोराच्या मानेवर तुकडे कसे वळवलेत ते बघण्यासारखं आहे, एकही ओळ मध्येच तुटत नाही.

मी तुकड्यांच्या ओळींबद्दलच लिहायला आलोय कारण घरी केलेलं मोझेक आणि नीट केलेलं मोझेक यातला फरक तिथे कळतो. नवीन माणूस आकार काढतो आणि आत मिळेल तसे तुकडे भरतो. त्याऐवजी आधी आकाराच्या कडेने आतून एक ओळ पूर्ण करा, मग बाहेरून, म्हणजे पार्श्वभूमीच्या रंगात, त्याच आकाराला लागून एक ओळ फिरवा, आणि मगच उरलेली पार्श्वभूमी आडव्या ओळींनी भरा. ही बाहेरची एक ओळ आकाराला सुटं करते. पान असो, पोपट असो, अक्षर असो, एवढ्याने ते उठून दिसतं. रोमन कारागीर दोन हजार वर्षांपूर्वी हेच करत होते.

अजून एक, सगळे तुकडे एकदम सपाट बसवायची धडपड करू नका. इटलीत रावेन्ना नावाचं गाव आहे, तिथलं सान व्हिताले चर्च 547 मध्ये पूर्ण झालं, तिथल्या सोनेरी काचा मुद्दाम थोड्या थोड्या तिरक्या बसवलेल्या आहेत त्यामुळे माणूस चालला की भिंत चमचमते. वृंदावनाभोवती आपण प्रदक्षिणा घालतो, म्हणजे बघणारा चालताच असतो. वरच्या भागात, जिथे हात किंवा साडी घासणार नाही, तिथे काही तुकडे किंचित कलते बसवा.

दांडियाबझारची
अहो किती छान सांगितलंत, प्रदक्षिणेचं तर डोक्यातच नव्हतं आलं. आपल्या लक्ष्मी विलासमध्येही मोझेक आहे ना? रंगीत खिडक्या आठवतात मला.

विश्वामित्रीकाठ
आहे की. राजवाडा 1890 मध्ये पूर्ण झाला, सयाजीराव महाराजांच्या काळात, आणि दरबार हॉलला व्हेनेशियन मोझेकची फरशी आहे. खिडक्यांची रंगीत काच बेल्जियमची. आणि एकाच हॉलमध्ये उभं राहून दोन्हीतला फरक समजतो, खिडकीची काच उजेड तिच्या आरपार आला की दिसते, रात्री ती काळी पडते. मोझेकवर उजेड पडून परत यावा लागतो. म्हणून मोझेकसाठी काच निवडताना ती उजेडाकडे धरून बघायची नाही, पांढऱ्या कागदावर ठेवून बघायची. दुकानात हे विसरतात लोक, आणि खिडकीपाशी लालबुंद दिसलेली काच घरी आणून लावली की तपकिरी दिसते.

काचतुकडे
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आता कापण्याबद्दल, राहिलं होतं ते.

छोट्या टाइलसाठी चाकांची निपर घ्या, पक्कडीसारखी असते, तोंडाशी दोन छोटी कार्बाइडची चाकं. टाइल पूर्ण आत सरकवायची नाही. काठावरचे दोन-तीन मिलिमीटरच चाकांत धरायचे आणि हलकेच दाबायचं, तडा आपला आपण पुढे पळतो. चाकं ज्या दिशेला रोखलेली त्या दिशेला तडा जातो, म्हणून मनगट फिरवून दिशा द्यायची. चाकांची धार एका जागी गेली की मधला स्क्रू सैल करून चाक थोडं फिरवा, नवी धार पुढे येते, लगेच नवीन निपर आणायला धावू नका.

शीटसाठी हिरकणी. आता जी मिळते तिच्यात हिरा नसतो, बारीक चाक असतं आणि दांड्यात तेल भरतात, रॉकेलही चालतं. एकाच दमात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ मारायची, बारीक सळसळ ऐकू आली की दाब बरोबर आहे. त्याच रेघेवरून परत फिरवायचं नाही, चाकही जातं आणि काच वाट्टेल तशी फुटते. रेघ मारली की लगेच मोडायची, ठेवून द्यायची नाही.

आणि टफन केलेली काच, गाडीच्या बाजूच्या खिडकीची, शॉवरच्या दाराची, ती कापता येत नाही, निपर लावली की सगळीच्या सगळी खडीसाखरेएवढ्या दाण्यांत फुटते. कोपऱ्यात बारीक शिक्का असतो तो बघा. ते दाणे मात्र जपून ठेवा, पाण्याचा भाग दाखवायला फार सुंदर वापरता येतात.

मांजलपूरकर
घरात लहान मूल आहे, त्यामुळे विचारतो, काचेची धूळ श्वासातून जात नाही का? खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो हे लहानपणापासून ऐकलंय.

काचतुकडे
दादा, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर नीट समजून घ्या. अकीक म्हणजे स्फटिकी सिलिका, तो दगड दिवसभर मशीनवर घासला जातो आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते, त्यामुळे तिथल्या माणसांचं आयुष्य कमी झालंय. काच तशी स्फटिकी नसते आणि निपरने फोडताना धूळ कमी, कपच्या जास्त. आपल्या कामात खरी धूळ येते ती अॅडहेसिव्ह आणि ग्राउटच्या कोरड्या पावडरीची, त्यात वाळू असते आणि सिमेंट असतं. म्हणून पोतं उघडताना आणि कालवताना एन95 मास्क, आणि हे काम उघड्यावर. वाळलेलं ग्राउट कोरडं घासायचं नाही, ओलं करून. केरसुणी अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. सिमेंटने हाताची त्वचा भाजते म्हणून हातमोजे.

कपच्यांसाठी चष्मा घालायचाच, डोळ्यांचा साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल. मी पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात हात घालून कापते म्हणजे कपच्या बाहेर उडत नाहीत. आपल्या घरात सगळे अनवाणी फिरतात, त्यामुळे काम गच्चीवर किंवा एका बंद खोलीत, चपला तिथेच ठेवायच्या, त्याच चपलांनी स्वयंपाकघरात यायचं नाही. फरशीवरच्या न दिसणाऱ्या कपच्या उचलायला कणकेचा गोळा दाबत न्यायचा आणि फेकून द्यायचा. बाळ रांगतं असेल तर सहा-आठ महिने थांबा असंच मी सांगेन, मोझेक कुठे पळून जात नाही.

आजीचा_बटवा
माझ्याकडे काचेच्या बांगड्या पुष्कळ आहेत, फुटलेल्या आणि न घालता पडून असलेल्या, हिरव्या जास्त. मुलीच्या लग्नातला हिरवा चुडा आहे त्यातलाही काही. टाकवत नाहीत. त्या लावता येतील का?

विश्वामित्रीकाठ
आजी, नक्की लावा. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेक चंद यांनी फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृत्या आहेत, ती बाग 1976 पासून लोकांना खुली आहे आणि ते सगळं उघड्यावर उन्हापावसात उभं आहे.

काचतुकडे
आजी, मनापासून सांगते, हिरव्या बांगड्यांसारखी वेल दुसऱ्या कशाची होत नाही. बांगडीचा तुकडा आधीच वळलेला असतो, त्यामुळे देठ, वेलीचं वळण, पोपटाच्या गळ्यातला कंठ यांना तो तसाच्या तसा बसतो. आडवा छेद गोल असतो म्हणून तो पसरलेल्या पातळ अॅडहेसिव्हवर उभा राहत नाही, तिथे थोडा जास्त थर द्यायचा आणि अर्धा बुडवायचा. सोनेरी नक्षी असलेल्या घरात वापरा, बाहेर तो मुलामा पुसला जातो, नुसत्या साध्या रंगाच्या राहतात. लाखेच्या आणि प्लास्टिकच्या बाजूला काढा.

दांडियाबझारची, आजींच्या चुड्यातल्या दोन बांगड्या तुमच्या वृंदावनालाही मागून घ्या, तुळशीच्या लग्नाला शोभतील.

आजीचा_बटवा
देते ना. मी रावपुऱ्यातच असते. दोन काय डझन देते.

इंदूरची_मावशी
वाचूनच बरं वाटलं. ग्राउट पांढरंच ना पण? मंदिरासारखं स्वच्छ दिसेल.

काचतुकडे
इथे माझं मत वेगळं आहे मावशी. पांढरी फट डोळ्याला काचेपेक्षा आधी दिसते, मग चित्र न दिसता जाळी दिसते, आणि रंग फिके वाटतात. मध्यम किंवा गडद राखाडी भरलं की हिरवा, निळा, केशरी सगळे पेटून उठतात. शिवाय वृंदावनावर हळदकुंकू, तेलाचे हात, माती. पांढरं चार दिवस पांढरं राहील. पण माझं ऐकून करू नका, एका टाकाऊ टाइलवर तुमच्याच काचेचे तुकडे लावा, अर्ध्यात पांढरं, अर्ध्यात राखाडी भरा आणि वाळल्यावर गच्चीवर नेऊन बघा. बाजारात तयार रंगाचं ग्राउट मिळतं, पांढऱ्यात काळा ऑक्साइड मिसळूनही होतं, फक्त सगळ्या कामाला पुरेल एवढं कोरडं मिश्रण एकदाच करून डब्यात ठेवा, दुसऱ्यांदा तीच छटा येत नाही.

फटी दोन मिलिमीटरच्या ठेवा. तीनपर्यंत बिनवाळूचं ग्राउट चालतं, वाळूवालं काचेवर चरे पाडू शकतं. पाणी थोडं थोडं घालत घट्टसर कालवा, दहा मिनिटं तसंच ठेवा, परत हलवा, मग रबराच्या पट्टीने तिरकं दाबत भरा. वीसेक मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसायचं, ओल्या गच्च स्पंजने नाही, फटीतलं बाहेर येतं. वर पांढुरकी साय राहते ती दुसऱ्या दिवशी कोरड्या सुती कापडाने.

सिव्हिलकाका
बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी ग्राउट भरलं तर ते पिकत नाही, नुसतं सुकतं, आणि मग बोटाने खरवडलं तरी भुकटी होते. सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर काम, वर ताडपत्री, आणि नंतर दोन-तीन दिवस हलकं पाणी शिंपडत ओलं फडकं गुंडाळून ठेवा. अॅडहेसिव्हही एका वेळी पंधरा मिनिटांत भरून होईल एवढ्याच जागेवर पसरा, वर साय धरली की काढून टाका आणि नवीन लावा, त्यावरच काच दाबू नका. चारी उभ्या कोपऱ्यांना, जिथे दोन बाजू मिळतात, तिथे ग्राउट न भरता त्याच रंगाचं सिलिकॉन भरा, उन्हाने सिमेंट हलतं तेव्हा कोपराच आधी फुटतो.

कोनाड्याच्या आसपास, जिथे तेल उडणार, तेवढ्या पट्ट्यात एपॉक्सी ग्राउट भरलंत तर डाग धरणार नाही. पण ते भरभर घट्ट होतं आणि काचेवर राहिलं की निघत नाही, थोडं थोडंच कालवा.

दांडियाबझारची
सगळं वहीत उतरवलंय. म्हणजे आता आधी आतून वॉटरप्रूफिंग, पाइप, कोनाड्याला काळा दगड, मग पूल टाइल, हिरव्या बांगड्यांची वेल, कोनाड्याच्या छताला आभले. सासूबाई आभल्यांचं ऐकून खूश आहेत, त्यांचं माहेर कपडवंजच्या जवळचंच. आता पाटीचं सांगा, दोन फूट बाय एक फूट म्हणतेय, त्यावर आडनाव आणि घराचं नाव.

विश्वामित्रीकाठ
देवनागरी मोझेकला फार सोयीची लिपी आहे कारण शिरोरेषा. ती आधी घाला, अख्ख्या पाटीवर एकच सरळ ओळ, अर्ध्या टाइलची, आणि बाकी अक्षरं तिला टांगा. टाइलचे चार भाग केले की 10 मिलिमीटरचा चौकोन मिळतो, त्यात अक्षराचा देह चार इंचांपेक्षा लहान घेतला तर पोट आणि गाठी भरून जातात, क आणि फ सारखेच दिसायला लागतात. म्हणून एका फुटात दोन ओळी बसवू नका, वेलांट्या, उकार, मात्रा यांनाही वर-खाली जागा लागते. आडनाव मोठं घ्या, घराचं नाव वृंदावनावर किंवा वेगळ्या पट्टीवर.

अक्षर आधी खऱ्या मापात जाड ब्रशने कागदावर लिहा, कॉम्प्युटरचा फॉन्ट घेऊ नका, त्यातले बारीक-जाड भाग काचेत उतरत नाहीत.

काचतुकडे
आणि ही सरळ पद्धतीने करा, म्हणजे थेट प्लायवर, बघत बघत. दुसरी उलटी पद्धत असते, जाड खाकी कागदावर गव्हाच्या खळीने तुकडे पालथे चिकटवायचे आणि मग अख्खा कागद अॅडहेसिव्हवर दाबून, ओला करून सोलायचा. पृष्ठभाग एकदम सपाट येतो, टेबलटॉपला तीच बरी, पण तिच्यात अक्षरं आरशातल्यासारखी उलटी मांडावी लागतात, पहिल्या पाटीला तो ताण नको.

वजन धरून चाला. 4 मिलिमीटर काच चौरस फुटाला जवळजवळ एक किलो भरते. दोन चौरस फुटांची काच, प्लाय, गोंद, ग्राउट मिळून चार-पाच किलो होईल. दुहेरी चिकटपट्टी नाही, खिळाही नाही. काच लावायच्या आधीच प्लायला स्क्रूची भोकं पाडून घ्या आणि तेवढ्या जागा मोकळ्या सोडा, भिंतीत प्लग मारून स्क्रू पिळा, मग त्या जागांवर शेवटचे तुकडे सिलिकॉनने लावा. कधी काढायची झाली तर तेवढेच तुकडे ब्लेडने निघतात.

दांडियाबझारची
स्क्रूच्या जागांवर कुठला तुकडा येणार ते आधीच ठरवून बाजूला ठेवायचे ना? आणि वृंदावनाचा वरचा काठ, तिथे पाणी साठतं थोडं, त्याचं काय करू?

सिव्हिलकाका
हो, ते तुकडे कापून पाकिटात घालून पाटीच्याच मागे चिकटवून ठेवा, हरवत नाहीत. वरच्या काठाला काच लावायच्या आधी बाहेरच्या बाजूला उतार द्या, अर्धा सेंटिमीटर पुरे, आणि काठाची शेवटची टाइल भिंतीच्या बाहेर जराशी पुढे येऊ द्या म्हणजे पाणी खालच्या काचांवरून ओघळणार नाही, थेट खाली पडेल. पावसाळ्याच्या आधी करायचं असेल तर मार्चअखेर ग्राउट संपवा.